जुन्या सीआरओची रेषा लहरते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ऑनलाइन घेतलेला जुना २० मेगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग सीआरओ (विद्युत संकेताची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) आहे. इनपुट ग्राउंडवर ठेवलं तरी रेषा सरळ येत नाही, लहरते. ट्रिगर 'लाइन'वर केला, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याशी जुळवला, की लहर पडद्यावर एका जागी स्थिर दिसते. ५ मिलिसेकंदांवर दोन चौकटींत एक आवर्तन, म्हणजे १०० हर्ट्झ, घरच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट. दोन्ही चॅनेलवर सारखंच, म्हणून माझा संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कॅपॅसिटरवर आहे. विक्रेता परत घेत नाही, पण ट्यूब इतकी स्वच्छ आहे की भंगारात द्यायला मन धजत नाही.

कॅपॅसिटर न काढता, नुसत्या मल्टीमीटरच्या एसी रेंजवर रिपल (डीसी पुरवठ्यात उरलेली एसीची लहर) भरवशाने कळेल का? आणि ट्यूबच्या हाय व्होल्टेजची खरी धास्ती वाटते. बंद केल्यावर तो भाग तुम्ही डिस्चार्ज कसा करता (साठलेला विद्युतभार कसा काढता), किती किलोओहमचा रेझिस्टर वापरता? ज्यांनी असे सेट उघडलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.