'काळजी केली' की 'काळजी घेतली'? केअरिंगला मराठीत काय म्हणायचं?

नर्सिंगच्या पोरींना शिकवते मी, नागपुरातच. परवा सेकंड इयरच्या एकीनं वहीत लिहून आणलं, "रुग्णाची दिवसभर काळजी केली." मी हसले, म्हटलं अगं काळजी घरचे करतात, आपण घेतो. तर म्हणते, मॅम मी खरंच केली पण, रूमवर जाऊन झोपच नाही आली. आता यावर काय बोलणार! तर विचारायचं हे की जीन वॉटसन या अमेरिकन नर्सिंग अभ्यासिकेची केअरिंगची थिअरी शिकवताना अडतं, तिनं १९७९च्या पुस्तकात 'क्युरेटिव्ह'समोर मुद्दाम 'कॅरेटिव्ह' असा शब्द घडवला, म्हणजे रोग बरा करणं एक आणि त्या माणसाशी माणसासारखं असणं दुसरं. या दुसऱ्याला आपल्याकडे शब्द काय? 'परिचर्या' म्हटलं की पोरी जांभया देतात.

रिटायर्ड संस्कृत सर: परिचर्येला नावं ठेवू नका, परि म्हणजे भोवती आणि चर् म्हणजे फिरणं, आठ तास वॉर्डात तेच तर करता तुम्ही. पण तुम्हाला हवा तो शब्द 'शुश्रूषा'. श्रु म्हणजे ऐकणं, त्याचं इच्छादर्शक रूप, म्हणून मूळ अर्थ 'ऐकायची इच्छा'. गुरूचं ऐकायचं म्हणून त्याच्याजवळ राहायचं, त्यातून सेवा हा अर्थ आला. आणि कृपा करून 'सुश्रुषा' लिहू नका, अर्ध्या पाट्यांवर तसंच असतं.

नाइट ड्युटी: सर हे भारीच, मी वीस वर्षं शुश्रूषा म्हणजे ड्रेसिंग समजत होते 😄 पण घरात कोण बोलतं हा शब्द? आमच्याकडे म्हणतात 'आईचं सगळं तीच करते' नाहीतर 'सासूले शेवटपर्यंत तिनंच पाह्यलं'. करणं आणि पाहणं, झालं. गंमत बघा, राऊंडला 'डॉक्टर पाहून गेले' म्हणजे दोन मिनिटं, आणि 'सून पाहते' म्हणजे दहा वर्षं, शब्द तोच!

आमच्या वॉर्डात भंडाऱ्याकडची एक आजी होती, लकव्यानं एक बाजू गेलेली, बोलणं अडखळत. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पाहायची, पावडर, चार्टवर सही, सगळं वेळच्या वेळी, पण आजी खाऊनच नाही राह्यली, दलिया तसाच वापस. मग एका रात्री गर्दी नव्हती तर मी स्टूल घेऊन बसले, कूलरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून कान तोंडाशी नेला तेव्हा कळलं, "गाय कोन दोहत असन वं बाई." सकाळी तिच्या शेजारणीला फोन लावून दिला, तिनं सांगितलं मी दोहते म्हणून. दुपारी अर्धी वाटी गेली पोटात. आता हे चार्टवर कुठं लिहू? कॉलमच नाही त्याला.

पुन्हा मीच: ताई, तुमची आजी उद्याच्या लेक्चरला घेते! क्रिस्टन स्वॉन्सन या नर्सिंगच्याच अभ्यासिकेनं १९९१ मध्ये केअरिंगचे पाच भाग सांगितले, त्यातला एक म्हणजे त्या माणसाला जसं वाटतं तसं समजून घेणं, एक सोबत असणं, एक म्हणजे त्याला स्वतःला जमलं असतं तर त्यानं जे केलं असतं ते आपण त्याच्यासाठी करणं. हे शेवटचं म्हणजे तुमचं 'करणं'च झालं ना. मी उगाच नाम शोधत बसले, इथं तर क्रियापदं आहेत सगळी.

एक वाचक: 'जपणं' राहिलं. आणि 'सेवा' का नको?

नाइट ड्युटी: सेवा म्हटलं की पगार मागायची चोरी होते भाऊ. १२ मेला, नर्सेस डेला, फूल देतात, सेवाभाव सेवाभाव म्हणतात, आणि चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर. तो शब्द बाजूलाच ठेवा.

पुन्हा मीच: अपडेट. पोरींच्या वहीत दोनच रकाने पाडून दिले, 'काय केलं' आणि 'काय ऐकलं'. त्याच पोरीनं पहिल्या दिवशी लिहिलं, काय केलं: कूस बदलली, तोंड पुसलं. काय ऐकलं: आजोबा घोरत होते. विचारते, मॅम घोरणं चालतं का? म्हटलं चालतं, फक्त किती वाजता ते लिही.