डोंगर दिसतो, फाईल दिसत नाही

मांडवीकाठची

काल इथं एकाने लिहिलं, "डोंगरकापणी थांबवायची तर गोव्याच्या बाराही तालुक्यांवर सरकारी ड्रोन फिरवा, नाक्यानाक्यावर कॅमेरे लावा. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला भीती कसली?" खाली शंभरेक अंगठे. दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होते, पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

डोंगर कापलेला दिसला नाही, असं गोव्यात कधी झालंय? तांबडी माती दोन मैलांवरून दिसते. पेडण्याहून म्हापशाला बसने येणाऱ्या शाळकरी पोराला दिसते. गुगल अर्थवर मागची वर्षं सरकवत गेलं की हिरवा उतार कधी लाल झाला तेही कळतं. बघायला डोळे कमी पडलेत असं नाही.

माझ्या मामांच्या गावात, बार्देशात, सड्याखालचा उतार दोन जेसीबी लावून रात्री कापला. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. सकाळी टोपी घालून गेले, फोनवर फोटो काढले, लेखी तक्रार दिली. पाहणी झाली, काम बंदची नोटीस लागली. पावसाळ्यात तीच माती खालच्या झरीत आली आणि आजवर तिचं पाणी कुणी तोंडाला लावत नाही. मग मामांनी माहिती अधिकारात विचारलं: परवानगीचा अर्ज कुणाचा, पाहणीचा अहवाल काय, सही कुणाची? उत्तर आलं, अर्जदाराचं नाव आणि पत्रव्यवहार ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही.

आणि तक्रार दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दोन माणसं मामांच्या अंगणात उभी होती. "काका, तक्रार तुम्हीच दिली ना?" मामांचं नाव, घर, सगळं त्यांना ठाऊक. कापणाऱ्याचं नाव वैयक्तिक आणि तक्रारदाराचं नाव गावभर!

पूर्वी माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(जे) कलमात वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा किंवा ती देणं म्हणजे विनाकारण घुसखोरी असावी. व्यापक जनहित असेल तर ती देता यायची. आमदार-खासदारांना जी माहिती नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही, असंही लिहिलेलं होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या ४४(३) ने ते सगळं पुसलं, आता वैयक्तिक म्हटलं की संपलं. नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू आहे. त्याच कायद्याचं १७(२) सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा देतं. म्हणजे ड्रोन माझं अंगण टिपणार आणि मी फाईल मागितली की पडदा. माहितीचा कायदा देशाच्या आठ वर्षं आधी, १९९७ मध्ये करणारं हे राज्य. मला भीती लपवण्याची नाही, एकतर्फी बघण्याची आहे.

निवृत्त भूमापक

ते काल लिहिणारा मीच. तुमच्या मामांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण ताई, तुम्ही फोटो आणि पुरावा यांची गल्लत करताय.

बत्तीस वर्षं मोजणीत घालवली. डोंगर कापला हे दिसतं, पण किती कापला आणि कापण्याआधी उतार किती होता हे दिसत नाही, आणि खटला तिथेच पडतो. नगरनियोजन कायद्याच्या १७अ, म्हणजे डोंगरकापणीबंदीच्या कलमाखाली समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो, "मूळ उतार एवढाच होता कशावरून?" तुम्ही म्हणता गुगल अर्थ. फुकटच्या सेंटिनेल उपग्रहाची चित्रं पाच दिवसांनी येतात, पण त्यातला एक ठिपका दहा मीटरचा. तुमच्या मामांचा उतार त्यात किती मावणार? ड्रोनने दर सहा महिन्यांनी उंचीचा नकाशा केला तर किती घनमीटर माती गेली ते आकड्यात सांगता येतं.

आणखी एक. काणकोणात एकदा मोजणीचं प्लेन टेबल मांडून उभा होतो, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या माणसाने कुत्रे सोडले. माझ्या शिपायाच्या पोटरीला आठ टाके पडले. ड्रोनला कुत्रा चावत नाही. खालच्या कर्मचाऱ्याचा जीव कुणीच मोजत नाही, म्हणून सांगतो.

सत्तरीचा काजूवाला

सर, ड्रोनला कुत्रा चावत नाही, पण ड्रोन आम्हाला चावतो.

आमच्याकडे आल्वारा, मोकासे अशा जुन्या जमीनदेणग्यांचे घोळ पोर्तुगीज गेले तरी सुटले नाहीत. आजोबांनी लावलेली काजूची झाडं मी राखतो, भट्टी लावतो, आणि कागदावर जमीन दुसऱ्याचीच. वरून चित्र काढलं की झाडं दिसतात, ती कुणी लावली ते दिसत नाही. आयआयटीसाठी मेळावलीत मोजणी करायला आले तेव्हा, जानेवारी २०२१ मध्ये, बायका आडव्या झाल्या म्हणून ती मोजणी थांबली आणि प्रकल्प हलवावा लागला. वरून ड्रोन गेला असता तर बायकांनी आडवं कुठे व्हायचं, आभाळात?

म्हापशाचा टॅक्सीवाला

तुम्ही ड्रोनवर भांडा. माझ्या गाडीत लोकेशन यंत्र बसवलं, पॅनिक बटण बसवलं, डिजिटल मीटर बसवला, सगळं माझ्या खिशातून. मी कुठल्या हॉटेलाखाली किती वेळ उभा राहिलो ते कुठल्यातरी स्क्रीनवर दिसतं. तेव्हा तुमच्यातलं कोणी खासगीपणाचं नाव घेतलं नाही, उलट "टॅक्सीवाल्यांना असंच पाहिजे" म्हणून टाळ्या वाजवल्या. आता स्वतःच्या अंगणावर आलं तेव्हा राज्यघटना आठवली.

फोंड्याची वकील

टॅक्सीवाले भाऊ, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे आणि या विषयातलंच आहे. पण रात्री एकट्या बाईला गाडीत बसताना ते बटण हवं असतं, एवढं मान्य करा.

मांडवीकाठची, तुमच्याशी मात्र भांडायचंय. माहिती अधिकाराचं ८(२) तुम्ही गाळलंत. जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते, ते कलम आजही शाबूत आहे. अपिलात ते मांडायचं असतं.

आणि जुनं कलम फार पवित्र होतं असं समजू नका. माझी बहीण सरकारी नोकरीत आहे. एका माणसाने तिच्या रजांचा तपशील मागितला, मग वैद्यकीय दाखले, मग बदलीचे अर्ज. तिने त्याचं एक बेकायदा काम अडवलं होतं, एवढंच कारण. गर्भपातानंतरच्या रजेचा कागद त्याच्या हातात गेला आणि चहाच्या टपरीवर वाचला गेला. तिने सहा महिने कँटीनमध्ये पाऊल टाकलं नाही. नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपण मूलभूत हक्क ठरवला तो अशा माणसांसाठीही आहे. माहिती अधिकाराचा प्रत्येक अर्जदार तुमचा मामा नसतो.

मांडवीकाठची

तुमच्या बहिणीचं वाचून हात थांबला. त्यावर वाद घालणार नाही.

पण तो कागद जुन्या कायद्यातही देता येत नव्हता. आजारपणाच्या रजेचा सार्वजनिक कामाशी काय संबंध? देणाऱ्याने कायदा मोडला. एका कारकुनाच्या चुकीवर औषध म्हणून सगळ्या राज्याच्या फायली बंद करायच्या? आणि ८(२) मध्ये "देता येईल" आहे, "द्यावी" नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने जनहित सिद्ध करत पहिलं अपील, दुसरं अपील करत फिरायचं, तोवर तिथे व्हिला उभे राहून विकलेही जातात.

मस्कतमधला डिचोलीकर

जमिनीच्या उताऱ्यावरची नावंही उद्या वैयक्तिक म्हणून झाकली तर आमच्यासारख्यांचं काय?

एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, ऑनलाइन आहे म्हणून आमचं घर वाचलं. इथं रात्रपाळीत बसल्या बसल्या सर्व्हे नंबर टाकून सहज बघितलं, तर आजीच्या नावाखाली एक अनोळखी नाव! धाकट्या भावाला पाठवलं, हरकत घेतली, अजून तारखा चालू आहेत. नाव दिसलं म्हणून चोर सापडला.

दिवाडीचा

नाव दिसतं म्हणूनच चोर आला, भाऊ.

२०२२ मध्ये जमीन बळकावण्याची प्रकरणं बाहेर आली, एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक नेमावं लागलं, न्यायमूर्ती जाधवांचा आयोग बसवावा लागला, ते कशामुळे? भामट्यांनी मालक परदेशात असलेल्या किंवा वारस नसलेल्या जमिनी हेरल्या आणि पोर्तुगीज काळातले कागद बनावट केले. हेरायला साधन काय? घरबसल्या फुकट दिसणारा उतारा. पूर्वी मामलेदाराच्या कचेरीत जावं लागायचं, कोण काय बघतोय ते चार लोकांना कळायचं. आमच्या शेजारच्या बंद घराचं असंच झालं. ती म्हातारी लिस्बनमध्ये वारली, इथं तिच्या नावाने विक्रीखत झालं.

मस्कतमधला डिचोलीकर

म्हणजे दोष आमच्या आजीच्या नावाचा? बनावट कागद दप्तरात घुसले कसे, ते विचारा ना! आतल्या माणसाशिवाय जुन्या बाडात नवं पान शिरत नाही. आतल्या माणसाला ऑनलाइन उतारा कशाला लागतो?

दिवाडीचा

आजीवर मी काही बोललो नाही. तुम्ही परदेशात बसून आम्हाला शिकवू नका. घर बंद ठेवून जायचं, कौलं पडली तरी यायचं नाही आणि नाव सगळ्यांना दिसत राहावं म्हणायचं.

मस्कतमधला डिचोलीकर

खाण बंद झाली तेव्हा माझा ट्रक दारात गंजत उभा होता म्हणून मी इथं आलो. २०१२ ला बंद, मग वीस दशलक्ष टनांच्या मर्यादेत चालू, २०१८ ला अठ्ठ्याऐंशी लीज रद्द, पुन्हा बंद. हौसेने कोण मस्कतच्या उन्हात येतं? कौलं मी दर मे महिन्यात येऊन स्वतः चढून परततो.

म्हापशाचा टॅक्सीवाला

ट्रकवाल्यांनाही जीपीएस लावलं होतं ना? बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने पस्तीस हजार कोटींच्या आसपास नुकसान सांगितलं. ते खनिज रात्रीत चोरलं नव्हतं, दिवसाढवळ्या रस्त्यावरून, बार्जमधून गेलं. आधी ट्रकवाल्याला मोजलं की वरच्याला?

निवृत्त भूमापक

दिवाडीकरांनी मस्कतच्या भावाची माफी मागावी असं मला वाटतं. दारातला ट्रक गंजणं काय असतं ते माझ्या मेहुण्याच्या घरात पाहिलंय.

उताऱ्याबद्दल मी बोलू शकतो, कारण असे हजारो उतारे हातून गेलेत. दोघेही अर्धे बरोबर आहात. नाव झाकू नये. झाकलं तर वारसाला कळणार नाही आणि आतल्याला कळतच राहील. पण उतारा कुणी आणि कधी पाहिला याची नोंद राहावी, आणि फेरफाराचा अर्ज आला की मालकाला फोनवर संदेश जावा. बँक शंभर रुपयांचा संदेश पाठवते, जमिनीचा का नाही?

दिवाडीचा

माफी मागतो. कौलांचं बोलायला नको होतं. उताऱ्यावर मत तेच आहे, पण बघणाऱ्याची नोंद राहिली तर माझी अर्धी तक्रार संपते.

मांडवीकाठची

सर, आता तुमच्याच तोंडून आलं! बघणाऱ्याची नोंद राहावी. मग ड्रोनलाही हेच लावा. कुठे उडाला, कुणी पाठवला, काय टिपलं, ते सगळ्यांसाठी खुलं. उंचीचा नकाशा फक्त खात्याच्या कपाटात राहणार असेल तर तो कापणाऱ्याच्या उपयोगाचा, मामांच्या नाही. आणि आम्ही स्वतः उडवायचा म्हटलं तर दाबोळी आणि मोपाच्या आसपास परवानगीशिवाय सोय नाही.

मोले आठवा. टाळेबंदीत लोक घरात कोंडलेले असताना, एप्रिल २०२० मध्ये, वन्यजीव मंडळाने तिथल्या अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांना व्हिडिओ कॉन्फरन्सवर मंजुरी दिली. पुढे चांदरला रात्रभर लोक रुळांवर बसले, विद्यार्थ्यांनी आणि वकिलांनी प्रकल्पाचे कागद ओळ न् ओळ वाचले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. कागद हातात होते म्हणून तिथवर जाता आलं.

नगरनियोजनाचं आपलं १७(२) घ्या. 'चुकून झालेली चूक सुधारतो' म्हणत शेतजमिनी सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या विभागात जात होत्या. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे नियम रद्द केले, तेही लोक कागद घेऊन गेले म्हणून.

निवृत्त भूमापक

नकाशा खुला ठेवायला माझी हरकत नाही. खात्यात असताना कदाचित असती, हे खोटं बोलणार नाही. कॅमेऱ्याबद्दल, नाक्यानाक्यावरच्या, जे लिहिलं ते मागे घेतो. ड्रोनचं घेत नाही. पुरावा लागतो तो लागतोच.

सत्तरीचा काजूवाला

आणि उडवण्याआधी ग्रामसभेत सांगायचं. न सांगता आला तर मी दगड मारणार, हे आताच लिहून ठेवतो.

फोंड्याची वकील

दगड मारू नका, केस माझ्याकडे येईल. मामांच्या पहिल्या अपिलाची मुदत नकार मिळाल्यापासून तीस दिवसांची असते. गेली का?

मांडवीकाठची

नऊ दिवस उरलेत. मामा म्हणतात, आता पुरे. मामी म्हणते, झरीचं पाणी तिच्या सासूने आणलं होतं, अपील कर.

फोंड्याची वकील

मसुदा मी लिहिते, ८(२) आणि झर दोन्ही घालून. नावाच्या जागी त्यांना काळी पट्टी मारायची तर मारू द्या, पण पाहणी अहवाल आणि अधिकाऱ्याची सही लपवता येत नाही. कायद्यावर आपलं पटलेलं नाही, ते पुढे भांडू.

निवृत्त भूमापक

उताराचा जुना नकाशा लागेल. सर्व्हे नंबर पाठवा. त्या भागाची मोजणी बहुतेक माझ्याच तुकडीने केली होती.