मदत हवी आहे: दारू प्यायलेल्या कारचालकाने दादाला उडवलं, दावा कुठे दाखल करायचा?

सिन्नरजवळ मागून धडक बसली. दादाच्या मांडीत रॉड आहे, तीन महिने काम बंद. वॉकर धरून मोरीपर्यंत जेमतेम जातो. एफआयआर, पंचनामा, चालकाच्या रक्ततपासणीचा अहवाल, बिलं सगळं हातात आहे. कारचा विमा चालू होता, दादाकडे लायसन्स होतं, हेल्मेटही. तडजोडीच्या कागदावर सही केलेली नाही.

विमा कंपनीचा माणूस म्हणतो, चालक प्यायलेला होता म्हणून पैसे मिळणार नाहीत. पण कंपनीने आधी जखमीला द्यायचे, मग मालकाकडून वसूल करायचे, असे निकाल आहेत ना?

आम्ही पुण्यात राहतो, सहा महिन्यांची मुदत गाठायचीय. पुण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा चालेल की नाशिकलाच जावं लागेल? आणि अपंगत्वाचा दाखला आत्ताच घ्यायचा की रॉड काढल्यावर?