एका गोळीत तीन सावजं: अल्मोड्याचं वर्तमानपत्र कसं बंद पडलं?

डोंगरवाट:
मागच्या महिन्यात बिनसरला जाताना उत्तराखंडातल्या अल्मोड्यात दोन रात्री होतो. लाला बाजारात बालमिठाई घेत असताना गाडीवाले काका म्हणाले, "इथं एका गोळीत तीन सावजं पडली होती: कोंबडी, कुली आणि अखबार." पुढं विचारणार तेवढ्यात गाडी काढायला सांगितलं, आणि ते राहूनच गेलं. हा काय प्रकार आहे? एवढ्याशा डोंगरी गावात तेव्हा वर्तमानपत्र होतं?

जुनीपानं:
होतं, आणि 'केसरी'च्या दहा वर्षं आधीपासून. 'अल्मोडा अखबार' १८७१ साली निघालं. तिथल्या शिकलेल्या मंडळींनी १८७० मध्ये डिबेटिंग क्लब काढला होता. प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम म्यूर यांनी त्यांना छापखाना काढायला सुचवलं, आणि बुद्धिबल्लभ पंतांनी ते मनावर घेतलं. डोंगराच्या पायथ्याच्या काठगोदामला रेल्वे आली १८८४ ला, म्हणजे छापखान्याचं सामान डोंगर चढून वर आलं तेव्हा रूळसुद्धा नव्हते.

सांगलीची_लेक:
यावर मला लिहायलाच हवं. घरच्यांच्या नोकरीमुळे १९९२ पासून सहा वर्षं आम्ही अल्मोड्यात होतो.

पहिली चाळीस वर्षं हे पत्र सरकारला सांभाळूनच चाललं. १९१३ मध्ये बद्रीदत्त पांडे संपादक झाले आणि सगळं पालटलं. पन्नास-साठ प्रतींचा खप दीड हजारांवर गेला. लोक एकाएकी वाचायला लागले, कारण त्यात आता त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल छापून येत होतं.

आपण 'वेठीला धरणं' सहज बोलून जातो. कुमाऊँत, म्हणजे अल्मोड्याच्या त्या डोंगराळ मुलखात, ते अक्षरशः होतं. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला निघाला की गावच्या प्रधानाच्या रजिस्टरात ज्याची पाळी असेल त्यानं पुढच्या पडावापर्यंत सामान वाहायचं. ही कुली बेगार. शिवाय दूध, लाकूड, गवत पुरवायचं, ती बर्दायश. आमच्या शेजारी एक आमा राहायच्या (तिकडे आजीला आमा म्हणतात), तेव्हा ऐंशीच्या घरातल्या. त्या सांगायच्या, शेतात भात कापणीला आलेलं असताना वडिलांची पाळी लागली, ते परत येईपर्यंत निम्मं भात झडून गेलं होतं. वडिलांच्या खांद्यावर घट्टा होता आणि लहानपणी त्या तो बोटानं दाबून बघायच्या, दुखतं का म्हणून. हे सांगताना आमा स्वतःचाच खांदा दाबायच्या. मला आजही तो हात दिसतो.

आता ती गोळी. १९१८ मध्ये डेप्युटी कमिशनर लोमस कोंबडीच्या शिकारीला गेला असताना त्याच्या बंदुकीनं एक कुली जखमी झाला. पत्रानं ते छापलं. त्याच सुमाराला होळीच्या अंकात हांजीहांजी करणाऱ्यांवर 'जी हजूर होली' आलं होतं. सरकारनं पत्राकडे जामिनाची रक्कम मागितली आणि सत्तेचाळीस वर्षांचं पत्र बंद झालं. गाडीवाल्यांनी सांगितलं ते वाक्य तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे.

पण गोष्ट तिथं थांबवली तर त्या माणसांवर अन्याय होईल. त्याच वर्षी दसऱ्याला, १५ ऑक्टोबर १९१८ ला, पांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी 'शक्ति' साप्ताहिक काढलं. आणि जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला उत्तरायणीच्या (म्हणजे संक्रांतीच्या) जत्रेत हजारो लोकांनी बेगार करणार नाही अशी शपथ घेऊन ती रजिस्टरं शरयूत बुडवली. आमा तेव्हा सात वर्षांच्या. त्या वर्षानंतर वडिलांना पाळी आली नाही, एवढंच त्यांना पक्कं आठवत होतं. त्या एवढ्याशा घरात याहून मोठी बातमी कधी आली नसेल.

रानपाखरू:
पांडेंना 'कूर्मांचल केसरी' म्हणायचे असं वाचलंय. टिळकांच्या 'केसरी'वरून का?

जुनीपानं:
नाही, केसरी म्हणजे सिंह, एवढाच अर्थ. कूर्मांचल म्हणजे कुमाऊँ. बेगार मोडल्यावर लोकांनी दिलेली पदवी. कुमाऊँचा मोठा इतिहासही त्यांनीच लिहिला.

डोंगरवाट:
ताई, आमांचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. बागेश्वरला जायचं असेल तर कधी जावं?

सांगलीची_लेक:
संक्रांतीलाच जा. शरयू आणि गोमती मिळतात तिथं जत्रा भरते. थंडी फार असते, लोकरीचे मोजे दोन जोड ठेवा. आपण लेकरांना हलव्याचे दागिने घालतो ना, तशा तिकडची मुलं कणकेच्या तळलेल्या घुघुत्यांच्या माळा गळ्यात घालून कावळ्यांना हाका मारतात. पहाटे लवकर उठा, नाहीतर ते चुकेल.