श्रोत्यांच्या आवडीची बदलती क्रमवारी आलेखात कशी मांडावी?

प्रश्न

ब्रिटनमधील क्लासिक एफएम हे रेडिओ केंद्र १९९६ पासून दरवर्षी श्रोत्यांची मते घेऊन पाश्चात्त्य अभिजात संगीतातील ३०० आवडत्या रचनांची क्रमवारी 'हॉल ऑफ फेम' या नावाने जाहीर करते. या याद्या एकत्र करून मी रेषालेख काढला, परंतु शेकडो रेषा एकमेकींत गुंतल्यामुळे त्यातून काहीच वाचता येत नाही. शिवाय एखादी रचना काही वर्षे यादीबाहेर राहून परत येते, तेव्हा मधला काळ कसा दाखवावा? श्रोत्यांची आवड खरोखर कशी बदलत गेली, हे दिसेल अशी मांडणी मला हवी आहे.

पहिले उत्तर

सर्व रेषा फिकट करड्या ठेवा, ज्या चार-पाच रचनांविषयी बोलायचे आहे त्यांनाच रंग द्या आणि नाव रेषेच्या टोकाशी लिहा. १९९६ ते २०२३ या २८ वर्षांत अव्वल स्थानी केवळ पाच रचना आल्या. संगीतकार ब्रुखचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) सुरुवातीची सलग पाच वर्षे तिथे होता. पुढची पाच वर्षे रखमानिनोवच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची, २००६ हे मोझार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचे, तर २००७ पासून व्हॉन विल्यम्सच्या 'द लार्क असेंडिंग'चा काळ सुरू झाला. त्यानंतर रखमानिनोव आणि 'लार्क' यांनीच आलटून पालटून ती जागा राखली. अपवाद फक्त २०१८ चा, जेव्हा चायकोव्स्कीचे '१८१२ ओव्हर्चर' पहिले आले. पाच रेषांत ही चुरस किती सुंदर दिसते!

उभ्या अक्षावर पहिला क्रमांक वर ठेवून लॉग मापनश्रेणी (समान पटींना समान अंतर देणारी) घ्यावी, म्हणजे १ ते १० या क्रमांकांना १० ते १०० इतकीच जागा मिळते. तळाशी थोड्याशा मतांनीही क्रमांक बराच हलू शकतो, म्हणून तिथल्या चढउतारांना फार अर्थ देऊ नये.

दुसरे उत्तर

यादीबाहेरच्या वर्षी क्रमांक शून्य धरू नका आणि रेषा सरळ जोडूनही टाकू नका. त्या रचनेचा क्रमांक ३०० च्या पुढे होता, एवढेच आपल्याला ठाऊक असते. म्हणून आलेखाच्या तळाशी वेगळा पट्टा आखून रेषा तिथे तुटक दाखवावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, क्रमांक घसरला म्हणून आवड घटली असे ठरत नाही. २०१३ मध्ये 'फायनल फॅन्टसी' या व्हिडिओ गेम मालिकेचे संगीत तिसऱ्या आणि 'द एल्डर स्क्रोल्स' या दुसऱ्या गेम मालिकेचे पाचव्या क्रमांकावर आले. त्यांनी मागे टाकलेल्या रचनांची मते कमी न होताही त्या खाली ढकलल्या जाऊ शकतात. आलेखात मात्र ती घसरगुंडीच वाटते, म्हणून त्या वर्षावर उभी रेघ आणि छोटी टीप अवश्य द्या.

प्रश्नकर्ता

तुटक रेषेची सूचना फार उपयोगी पडली. ऑस्ट्रेलियातील एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या 'क्लासिक १००' या यादीच्या रेषा याच आलेखात जोडता येतील का?

दुसरे उत्तर देणारा

माझ्या मते जोडू नयेत. ती यादी २००१ पासून निघत असली तरी तिचा विषय बदलत राहतो. २००७ मध्ये कॉन्चेर्टो होते, तर २००९ मध्ये सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना. ब्रुखचा कॉन्चेर्टो २००९ च्या यादीत नाही, कारण तो त्या वर्षी स्पर्धेतच नव्हता. अशा याद्या शेजारी स्वतंत्र स्तंभांत मांडाव्यात. त्यांच्यामधून रेषा ओढू नये.