युक्तिवाद नाही, यमू
वर कुणीसं म्हटलंय की कथा-कादंबऱ्यांनी घटकाभर डोळे ओले होतात, मतं बदलतात ती लेखांनी. नाही पटलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. पुढे कित्येक वर्षं वादही चालले आणि केशवपनही! १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी येऊ लागली, तिच्यात हरिभाऊ आपट्यांनी वाद घातलाच नाही. तिची नायिका यमू, तिलाच बोलायला लावलं, अगदी लहानपणापासून. वाचक हप्त्यामागून हप्ता तिच्या घरात वावरला. त्यामुळे शेवटी वस्तरा फिरतो तो 'एका विधवे'च्या नाही, ओळखीच्या पोरीच्या डोक्यावरून. मग 'रूढीच आहे' म्हणून मान फिरवणं जड जातं. एकट्या कादंबरीने समाज सुधारत नाही, कबूल. पण आगरकरांचा लेख जिथे उंबऱ्याबाहेरच अडायचा, त्या माजघरात गोष्ट बिनबोभाट शिरू शकत होती.