कृष्णविवराची एन्ट्रॉपी घनफळावर का ठरत नाही?

गोदामवाला:
आमचं धान्याचं गोदाम आहे. पोती किती मावतील ते लांबी-रुंदी-उंचीवर ठरतं, भिंतींना रंग किती लागेल त्यावर नाही. मुलगी बीएस्सीला आहे. ती म्हणते, कृष्णविवराची एन्ट्रॉपी (म्हणजे आतला माल किती वेगवेगळ्या अवस्थांत असू शकतो याचं माप) क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून काहीच परतत नाही त्या हद्दीच्या, क्षेत्रफळावर ठरते, आणि तेवढ्या जागेत त्याहून जास्त एन्ट्रॉपी मावतच नाही. मग आतली जागा गेली कुठे? सूत्र नको, पटेल असं सांगा.

चहाबाज:
सुरुवात चहापासून झाली. प्रिन्स्टन विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ व्हीलरने आपल्या विद्यार्थ्याला, बेकेनस्टाइनला, विचारलं: गरम चहा गार चहात मिसळला की एन्ट्रॉपी वाढते, पण दोन्ही कप विवरात टाकले तर पुरावाच नाहीसा, नाही का? विवराचं क्षेत्रफळ घटत नाही हे हॉकिंगने १९७१ साली दाखवलं होतं. बेकेनस्टाइन म्हणाला, एन्ट्रॉपी त्या क्षेत्रफळातच जमा होते. हॉकिंगला हे मुळीच पटलं नाही. १९७४ साली त्याच्याच गणितातून विवराला तापमान निघालं, म्हणजे एन्ट्रॉपीही खरीच! सूर्याएवढ्या वजनाच्या विवराचं जेमतेम ६० नॅनोकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचे फक्त ६० अब्जांश.

गोदामवाला:
गोष्ट झकास. पण माझी पोती?

मोजपट्टी:
भरायला घ्या. पोत्यांऐवजी पाणी धरू, हिशेब सोपा जातो. पाण्याचा गोळा वाढवत नेला तर त्रिज्या सुमारे ४० कोटी किमी झाली की त्याचंच विवर होतं. हा गोळा सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा गिळून गुरूच्या अलीकडे थांबेल. खरा गोळा त्याआधीच कोसळेल, ते सोडा.
आता मुद्दा. विवराची त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. त्रिज्या दुप्पट केली की जागा आठपट, पण कोसळण्याआधी मावणारं वजन फक्त दुप्पट. बेकेनस्टाइनची १९८१ची मर्यादा सांगते की एन्ट्रॉपी ऊर्जा गुणिले त्रिज्या याच्या एका ठरावीक पटीपुढे जात नाही; इथे ऊर्जा म्हणजे वजनच धरा. दुप्पट गुणिले दुप्पट, चौपट. क्षेत्रफळही चौपटच वाढतं.

गोदामवाला:
म्हणजे जागा आहे, भार पेलत नाही! आमच्याकडेही थप्पी किती उंच लावायची ते छप्पर ठरवत नाही, तळाचं पोतं ठरवतं. हे पटलं.

चहाबाज:
मर्यादा कळली, पण मोजणी नेमकी कशाची चाललीय ते यातून कळत नाही हं. १९९६ साली स्ट्रॉमिंजर आणि वाफा या भौतिकशास्त्रज्ञांनी स्ट्रिंग सिद्धांतातून (कण म्हणजे सूक्ष्म तंतू मानणारा सिद्धांत) एका खास जातीच्या विवराच्या अवस्था एकेक मोजल्या, तेव्हा हॉकिंगच्या गणितातून एन्ट्रॉपीसाठी आलेला क्षेत्रफळाचा तोच चौथा हिस्सा आला. साध्या, आपल्या आकाशातल्या विवरांसाठी अशी मोजणी अजून बाकी आहे.

गोदामवाला:
मुलीला वाचून दाखवलं. म्हणते, 'चौथा हिस्साच का?' आता तिलाच इथे खातं उघडून देतो.